लिनक्स बसविल्यानंतर : शाळेच्या संगणकावरील आज्ञावलींची निवड व बदल

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीस नियमित सुधारणा पुरविण्याचे थांबविले. तिच्या जागी आलेली ‘विंडोज ११’ ही प्रणाली चार गिगाबाईट स्मृती, चौसष्ट गिगाबाईट साठवण व ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय असल्याखेरीज यंत्रावर रीतसर बसत नाही; आणि दहाबारा वर्षांपूर्वी शाळांना मिळालेल्या यंत्रांत ही शेवटची सोय बहुधा नसते. यंत्र तर चालू आहे, परंतु त्यावरील प्रणालीला वाली उरला नाही, अशी ही स्थिती होय. असा संगणक कपाटात बंद करून ठेवण्यापेक्षा त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवावी, हा मार्ग काही शाळांनी पत्करला आहे व तो योग्यच आहे. बसविण्याचे काम आता फारसे अवघड राहिलेले नाही. खरा विचार करावा लागतो तो त्यानंतर.

प्रणाली बसली, पडदा उजळला, म्हणजे काम संपले असे समजून पुष्कळदा संगणक त्याच स्थितीत मुलांपुढे ठेवला जातो. मग दुसरीच्या वर्गातील एखादी मुलगी ‘शाळा’ हा शब्द टंकित करते, आणि पडद्यावर उमटलेला श फळ्यावर शिकविलेल्या श सारखा नसतो. ती सहज विचारते, “गुरुजी, हा कुठला श?” गुरुजींजवळ त्याचे उत्तर नसते. वास्तविक यंत्र बिघडलेले नसते व मुलीचेही काही चुकलेले नसते. तो आकार प्रणाली तयार करणाऱ्यांनी आधीच निवडून ठेवलेला असतो, इतकेच. प्रणालीबरोबर आलेल्या अशा आयत्या निवडी कोणत्या, त्यांपैकी कोणत्या शाळेने बदलाव्यात व कोणत्या तशाच राहू द्याव्यात, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

या निवडी येतात कोठून, हे प्रथम पाहू. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. परंतु गाभा म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. पत्र लिहिण्यासाठी, चित्र पाहण्यासाठी, चलच्चित्र दाखविण्यासाठी, आंतरजालावर जाण्यासाठी निरनिराळ्या आज्ञावली लागतात, व त्या जगातील निरनिराळे गट स्वतंत्रपणे तयार करीत असतात. गाभा व अशा शेकडो आज्ञावली एकत्र करून, त्यांचा मेळ घालून जो संच वाटला जातो त्यास ‘डिस्ट्रिब्यूशन’ अथवा वितरण असे म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही त्यांपैकी काही प्रसिद्ध वितरणे होत. चलच्चित्र दाखविणाऱ्या आज्ञावली डझनावारी आहेत. संचात त्यांपैकी एकच घालावयाची असते. ती कोणती घालावी, हे वितरक ठरवितो.

वितरकाची ही निवड विचारपूर्वक केलेली असते, तथापि ती सर्वसाधारण मनुष्य डोळ्यांपुढे ठेवून केलेली असते. गणवेशाचे तयार कपडे सरासरी मापाने शिवले जातात. कोणाची बाही दोन बोटे लांब होते, कोणाची कंबर सैल पडते. म्हणून कोणी सबंध सदरा उसवीत नाही, बाही तेवढी दुमडून घेतो. शिवाय वितरकाची आवडही कायम राहत नाही. उबुंटूने २०१० सालच्या १०.०४ या आवृत्तीतून ‘गिंप’ ही चित्रसंस्काराची आज्ञावली मूळ संचाबाहेर काढली. २०११ मध्ये ‘ओपनऑफिस’ जाऊन ‘लिब्रेऑफिस’ आले. त्याच वर्षी संगीत वाजविण्यासाठी ‘रिदमबॉक्स’ काढून ‘बॅन्शी’ बसविण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी बॅन्शी काढून पुन्हा रिदमबॉक्सच आणण्यात आला. ज्या संचात वितरक स्वतः इतकी उलथापालथ करतात, त्यात शाळेने आपल्या गरजेपुरता बदल केला तर त्यात वावगे काहीच नाही. लिनक्समधील बहुतेक सर्व आज्ञावलींच्या परवान्यात तसे करण्याची मुभा दिलेलीच आहे.

पुढील विवेचनासाठी ‘लिनक्स मिंट २२’ हे वितरण नमुन्यादाखल घेतले आहे. ते जुलै २०२४ मध्ये निघाले असून त्यास २०२९ पर्यंत सुधारणा मिळावयाच्या आहेत. निदान दोन गिगाबाईट स्मृती असलेल्या यंत्रावर ते चालते. चार असल्यास बरे. त्याची ‘एक्सएफसीई’ नावाची हलकी आवृत्ती जुन्या यंत्रांस विशेष मानवते. हिच्याबरोबर आंतरजालासाठी फायरफॉक्स, टपालासाठी थंडरबर्ड, लेखन व हिशेबासाठी लिब्रेऑफिस, चलच्चित्रांसाठी सेल्युलॉइड, संगीतासाठी रिदमबॉक्स, चित्रे काढण्यासाठी ‘ड्रॉइंग’, तसेच दूरचित्रवाणीच्या वाहिन्या दाखविणारी ‘हिप्नोटिक्स’ व मोठ्या फाइली उतरवून घेणारी ‘ट्रान्समिशन’ अशा आज्ञावली आपोआप येतात.

यांतील पुष्कळशा गोष्टींना हात लावण्याचे कारण नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात व ती वाचण्यास मिंटबरोबर येणारा वाचक पुरेसा आहे. फायरफॉक्सही चांगला आहे. एखादे कार्यालयीन संकेतस्थळ त्यात नीट उघडत नसेल तर ‘क्रोमियम’ जोडीला बसवावा, फायरफॉक्स काढून टाकण्याची घाई करू नये. थंडरबर्ड ठेवला काय नि काढला काय, शाळेच्या कामात फरक पडत नाही. चलच्चित्रांच्या बाबतीत मात्र सेल्युलॉइडच्या जोडीला ‘व्हीएलसी’ असणे सोयीचे ठरते. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेली ही आज्ञावली अर्धवट उतरलेली अगर किंचित बिघडलेली फाइलही बहुधा चालवून दाखविते, आणि तासाच्या मध्यावर पाठाचे चित्र अडले म्हणजे या गुणाची किंमत कळते.

लिब्रेऑफिसविषयी थोडे अधिक लिहिणे जरूर आहे, कारण शिक्षकांची तक्रार बहुतेक वेळा त्याविषयीच असते. नेहमीच्या ‘वर्ड’प्रमाणे ते दिसत नाही, म्हणून ते काढून दुसरे बसवावे असा आग्रह धरला जातो. परंतु दिसण्याचा प्रश्न आज्ञावली न बदलताही सुटतो. तिच्या ‘व्ह्यू’ या सूचीत ‘युजर इंटरफेस’ म्हणून एक पर्याय आहे. तेथे ‘टॅब्ड’ हा प्रकार निवडला की वरची साधने ओळखीच्या पट्ट्यांत मांडली जातात. दुसरी तक्रार अशी की येथे तयार केलेली फाइल कार्यालयात उघडत नाही. लिब्रेऑफिस आपली फाइल ‘ओडीएफ’ स्वरूपात जतन करते. हे स्वरूप २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेले आहे. तथापि ज्यास फाइल पाठवावयाची त्याच्याकडील आज्ञावली ती बिनचूक दाखवीलच असे नाही. यास्तव शाळेची मूळ प्रत ओडीएफमध्ये ठेवावी व कार्यालयास पाठवावयाची प्रत पीडीएफ करून पाठवावी. ज्या तक्त्यांत कार्यालयाने भर घालावयाची असते ते ‘वर्ड’ अगर ‘एक्सेल’च्या स्वरूपात जतन करण्याची सोय त्यात आहेच.

एक अडचण मात्र कोणतीही आज्ञावली बदलून दूर होत नाही, आणि ती आधीच सांगितलेली बरी. शाळेची जुनी पत्रके पुष्कळदा ‘कृतिदेव’ किंवा ‘श्रीलिपी’ यांसारख्या टंकांत, म्हणजे फाँटांत, टंकित केलेली असतात. या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठविलेलेच नसते. साठविलेली असते ती रोमन लिपीतील खूण, आणि विशिष्ट फाँट तिला मराठी रूपाचा मुखवटा चढवितो. तो फाँट नव्या यंत्रावर नसला की मुखवटा गळून पडतो व निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसू लागते. फाइल खराब झाली असे समजून ती पुसून टाकण्याचा प्रमाद अशा वेळी घडू शकतो. तसे न करता ती जपून ठेवावी, व रूपांतर करणाऱ्या साधनाच्या साहाय्याने तिचा मजकूर ‘युनिकोड’मध्ये आणावा. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फाँट बदलला तरी अक्षर तेच राहते. रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालणे आवश्यक आहे. नेमक्या तेथेच चुका राहतात. मुलांची नावे व जन्मतारखा असलेली पत्रके तर दोघांनी मिळून मुळाशी ताडून पाहावीत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. देवनागरी लिपी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांची असली, तरी श आणि ल या अक्षरांची मराठीतील वळणे हिंदीहून निराळी आहेत. राज्य शासनाने २०२२ साली मराठी वर्णमालेविषयी जो निर्णय प्रसृत केला त्यात देठयुक्त श व पाकळीयुक्त ल यांचा वापर सांगितला आहे. परंतु युनिकोडमध्ये श ला एकच क्रमांक आहे. त्याचा आकार कसा काढावयाचा हे फाँटवर सोपविलेले आहे. प्रणालीबरोबर आलेला फाँट पुष्कळदा हिंदी वळण दाखवितो. ज्या वयात मूल अक्षराचे वळण डोळ्यांनी टिपून हाताने गिरवीत असते, त्या वयात फळ्यावर एक, पुस्तकात तेच आणि पडद्यावर तिसरेच, हा घोटाळा शिक्षकाने चालू देऊ नये. मोठ्यांच्या कार्यालयात ही बाब क्षुल्लक मानता येईल. पहिली-दुसरीच्या वर्गात ती क्षुल्लक नाही.

यावर उपाय दोन आहेत. काही फाँटांत मराठी व हिंदी असे दोन्ही आकार साठविलेले असतात, आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे आज्ञावलीस सांगितले म्हणजे मराठी आकार उमटतो. लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’ या सूचीतील ‘ऑप्शन्स’ येथे जाऊन भाषांच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ हा पर्याय चालू करावा व त्यापुढे ‘मराठी’ ही भाषा निवडावी. देवनागरीची गणना लिब्रेऑफिस या वर्गात करते. तिच्यासाठी मूळ फाँट ठरविण्याची जागाही रोमन लिपीच्या फाँटाहून वेगळी आहे. हे ठाऊक नसल्यामुळे फाँट बदलूनही मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो, असे कित्येकांना वाटते. दुसरा उपाय म्हणजे मराठी वळणाचाच फाँट बसविणे. ‘लोहित’ या कुळात मराठीसाठी एक स्वतंत्र फाँट केलेला आहे व तो मिंटच्या भांडारातून मिळतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे फाँटही विनामूल्य आहेत. पैकी बलूचा गोलसर, ठसठशीत आकार भित्तिपत्रकास शोभतो, लांबलचक मजकुरास नव्हे.

कोणताही फाँट कायम करण्यापूर्वी त्यात एक ओळ टंकित करून ती कागदावर छापून पाहावी. त्या ओळीत शाळा, लेखन, दुसऱ्या, ज्ञान, क्षमा, वाङ्मय, ॲप असे शब्द असावेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र मराठीचा खास आहे व तो काही फाँटांत नीट जुळत नाही. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये २००८ साली जागा मिळाली. त्यापूर्वीच्या फाँटांत तेथे रिकामी चौकट दिसण्याचा संभव असतो. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे, पण ती न केल्यास प्रगतिपत्रके छापून झाल्यावर दोष उघडकीस येतो.

अक्षर उमटण्याइतकेच महत्त्व अक्षर लिहिण्याच्या पद्धतीस आहे. मोठी माणसे भ्रमणध्वनीवर रोमन लिपीत शब्द लिहून त्याचे मराठी करून घेतात, व संगणकावरही तीच पद्धत लावून घेण्याकडे त्यांचा कल असतो. तिसरीतील मुलाच्या दृष्टीने ही पद्धत उलटी आहे. ‘कमळ’ लिहिण्यासाठी त्याला प्रथम इंग्रजीचे अक्षर आठवावे लागते, आणि ळ साठी कोणते अक्षर हा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. याच्या उलट ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक वर्णमालेच्या रचनेवर आधारलेला आहे. त्यात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताखाली आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. ज्या कळेवर क आहे तिच्यावरच शिफ्ट दाबून ख मिळतो, ग च्या कळेवर घ. तसेच ल च्या कळेवर ळ व स च्या कळेवर श. र च्या कळेवर शिफ्ट दाबला म्हणजे ‘दुसऱ्या’मध्ये लागणारा ऱ मिळतो. १९९१ च्या भारतीय मानकात या कळफलकाचा अंतर्भाव आहे. ज्या मुलाला वर्णमाला येते, त्याला हा कळफलक निम्मा आलेलाच असतो. मिंट बसविताना बहुधा इंग्रजी कळफलकच ठरविला जातो. तेव्हा कळफलकाच्या मांडणीत मराठीची भर घालावी, आणि इंग्रजी व मराठी यांत अदलाबदल करण्यासाठी एक कळजोड ठरवून तो मुलांना पहिल्याच दिवशी दाखवावा. शिक्षकांनी स्वतःसाठी रोमन पद्धत ठेवावयाची तर खुशाल ठेवावी. मुलांसाठी इन्स्क्रिप्ट असावा, हे मत अनेक वर्षांच्या वर्गाध्यापनाशी जुळणारे आहे.

मुलांच्या कामासाठी दोन आज्ञावलींची भर घालणे इष्ट आहे. मिंटबरोबर येणाऱ्या ‘ड्रॉइंग’च्या जागी ‘टक्स पेंट’ बसवावी. बिल केंड्रिक यांनी २००२ साली तयार केलेली ही आज्ञावली तीन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीत मोठी चित्ररूप बटणे असून चित्र जतन करताना फाइलचे नाव व जागा विचारली जात नाही. त्यामुळे मुलाचे चित्र हरवत नाही आणि दुसऱ्याच्या फाइलींत त्याचा हातही जात नाही. दुसरी आज्ञावली ‘जीकॉम्प्रिस’. फ्रान्समधील ब्रुनो कुदुआँ यांनी २००० साली तिचा आरंभ केला. तिच्या नावाचा फ्रेंच उच्चार ‘मला समजले’ या अर्थाच्या वाक्यासारखा होतो. दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी मोजणी, घड्याळ, आकार, उंदीर म्हणजे माउस हाताळणे अशा शंभराहून अधिक कृती तीत आहेत. त्या सर्व एकदम मुलांपुढे मांडू नयेत. चालू घटकाशी जुळणाऱ्या चार-सहा निवडून शिक्षकांनी त्या आधी स्वतः करून पाहाव्यात.

काढून टाकावयाच्या वस्तू थोड्या आहेत. हिप्नोटिक्स व ट्रान्समिशन यांचे प्राथमिक शाळेत काही काम नाही. पहिलीमुळे वर्गात परदेशी वाहिनी अकस्मात लागू शकते, तर दुसरीमुळे शाळेचा तुटपुंजा आंतरजाल-पुरवठा एखादी अनावश्यक फाइल उतरविण्यात खर्ची पडतो. त्या अवश्य काढाव्यात. मात्र काढण्याची रीत ठाऊक असली पाहिजे, कारण बिघाड होतो तो याच ठिकाणी.

लिनक्समध्ये आज्ञावली सुट्या सुट्या नसतात. एकीला दुसरीचा आधार असतो, दुसरीला तिसरीचा. आणि या आधारांचा हिशेब ‘पॅकेज मॅनेजर’ नावाची व्यवस्था ठेवते. आज्ञावली बसविताना तिला लागणारे आधार ही व्यवस्था आपोआप आणते, व काढताना त्या आधारावर उभे असलेले जे असेल तेही काढावयास निघते. बाही दुमडण्याऐवजी खांद्याची शिवण उसवली तर सदऱ्याचे काय होईल, ते सांगावयास नको. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या कॅनडातील प्रसिद्ध तंत्रविषयक चित्रफीतकाराने ‘पॉप ओएस’ या वितरणावर ‘स्टीम’ ही खेळांची आज्ञावली बसविण्याचा प्रयत्न केला. त्या दिवसांत भांडारातील पॅकेजांच्या आधारांत एक दोष राहिला होता. त्यामुळे स्टीम बसविण्यासाठी पडद्याची सबंध व्यवस्थाच काढावी लागेल, असे यंत्राने लेखी कळविले, काढावयाच्या गोष्टींची लांब यादी दाखविली, आणि पुढे जावयाचे असल्यास ‘होय, मी सांगतो तसे कर’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य पूर्ण टंकित करण्यास सांगितले. त्यांनी यादी न वाचता ते वाक्य टंकित केले. यंत्राने आज्ञा पाळली. चित्रमय पडदा नाहीसा होऊन अक्षरांचा काळा पडदा उरला. मूळ दोष पॅकेजाचा होता हे खरे, आणि पुढे वितरकांनी अशी आज्ञा देणे अधिक अवघड करून ठेवले. तरी यंत्राने दाखविलेली यादी वाचली असती तर तो प्रसंग टळला असता.

सबब आज्ञावली काढताना ‘हे सुद्धा काढले जाईल’ म्हणून जी नावे दिसतील ती सावकाश वाचावीत. एक आज्ञावली काढताना दोन-तीन अनोळखी नावे निघाली तर थांबून चौकशी करावी. त्या नावांत ‘एक्सएफसीई’, ‘डेस्कटॉप’ अगर ‘मिंट’ असे शब्द दिसले तर काम तेथेच रद्द करावे व ती आज्ञावली तशीच राहू द्यावी. सूचीतून तिचे चित्र लपविता येते, तेवढ्याने बहुधा भागते. काही नावे नुसत्या याद्या असतात. त्यांत स्वतःचे काही नसून ‘अमुक इतक्या वस्तू मिळून हा संच होतो’ एवढीच नोंद असते. अशी यादी गेली तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही, परंतु पुढील सुधारणांच्या वेळी संच अपुरा राहण्याची शक्यता असते.

बदल करण्याचा क्रमही ठरवून घ्यावा. प्रथम मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ या आज्ञावलीने प्रणालीची एक प्रत काढून ठेवावी. काही बिघडले तर यंत्र त्या दिवसाच्या स्थितीत परत नेता येते. मात्र टाइमशिफ्ट प्रणालीची प्रत ठेवते, मुलांची चित्रे व शाळेची पत्रके यांची नव्हे. ती निराळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. त्यानंतर ‘अपडेट मॅनेजर’मधून आलेल्या सुधारणा बसवाव्यात. मग ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून नवी आज्ञावली जुनीच्या शेजारी बसवावी. एकच आज्ञावली तेथे कधीकधी दोन रूपांत दिसते : एक वितरणाच्या भांडारातील व दुसरी ‘फ्लॅटपॅक’ या प्रकारातील. फ्लॅटपॅक आपला बराचसा पाया बरोबर घेऊन येतो, म्हणून जागा पुष्कळ व्यापतो; लहान साठवणीच्या यंत्रावर भांडारातील रूपच घ्यावे. एखाद्या अनोळखी संकेतस्थळावरून आज्ञावली उतरवून बसविण्याची विंडोजमधील सवय येथे सोडलेली बरी, कारण अशा आज्ञावलीस पुढील सुधारणा आपोआप मिळतीलच असे नाही.

नवी आज्ञावली बसली तरी फाइलवर दोनदा टिचकी मारली की जुनीच उघडते, आणि ‘बसलीच नाही’ असा समज होतो. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या आज्ञावलीने उघडावयाची याची नोंद प्रणाली वेगळी ठेवीत असते. फाइलवर माउसचे उजवे बटण दाबून, ज्या आज्ञावलीने ती उघडावयाची ती निवडून, तीच त्या प्रकारासाठी कायम करावी. ही नोंद प्रत्येक खात्यापुरती असते. शिक्षकांच्या खात्यात केलेला बदल मुलांच्या खात्यात दिसत नाही, तेथे तो पुन्हा करावा लागतो. मुलांसाठी वेगळे व साधे खाते असावेच, म्हणजे बसविण्या-काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे जात नाही. नवी आज्ञावली पंधरा दिवस तरी प्रत्यक्ष वर्गात वापरून पाहावी. ती पसंत ठरली तरच जुनी काढण्याचा विचार करावा, व जागेची चणचण नसेल तर तोही करू नये.

प्रत्येक शाळेने हे सर्व स्वतंत्रपणे करावे की नाही, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. केरळ राज्यात २००१ साली सुरू झालेल्या शालेय माहिती-तंत्रज्ञान प्रकल्पाने पुढे उबुंटूच्या आधारे शाळांसाठी स्वतःचेच वितरण तयार केले, व शाळेस लागणारी भाषेची व शिक्षणाची साधने त्यातच घातली. तो प्रकल्प आता ‘काइट’ या नावाने चालतो. असे वितरण घडविणे हे एखाद्या केंद्राच्या आवाक्यातील काम नव्हे. परंतु केंद्रातील शाळांनी मिळून एक यादी ठरविणे, फाँट व कळफलक सर्वत्र एकच ठेवणे, हे शिक्षण परिषदेच्या एका बैठकीत होण्यासारखे आहे. तसे केले म्हणजे एका शाळेत अडलेला शिक्षक शेजारच्या शाळेतील शिक्षकास विचारू शकतो व दोघांचे पडदे सारखे असतात. ज्यांना प्रथमपासून शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात लिनक्स व लिब्रेऑफिस यांवरील पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत.

शेवटची गोष्ट नोंदवहीची. संगणकाजवळ एक साधी वही ठेवून तीत तारीख, काय बसविले, काय काढले, कोणत्या कारणाने, आणि टाइमशिफ्टची प्रत केव्हा घेतली, एवढे लिहावे. वितरणाची पुढील आवृत्ती बसविताना वितरकाच्या निवडी पुन्हा मूळपदावर येण्याचा संभव असतो. त्या वेळी हीच वही पाहून अर्ध्या दिवसात शाळेची घडी पुन्हा बसविता येते. बदल्यांच्या काळात तिचा उपयोग अधिकच होतो. संगणक पाहणारे शिक्षक बदलून गेले, परवलीचा शब्द त्यांच्याबरोबर गेला, आणि नवीन आलेल्या बाईंना यंत्र उघडताही आले नाही, असे घडू नये म्हणून परवलीचा शब्द बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावा, आणि कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत संगणकाच्या खालच्या ओळीवर या वहीची व त्या पाकिटाची नोंद करावी.